पुढच्यासाठी ठेवलेला जाळ

"हा स्टोव्ह आहे, का स्टोव्हचा फोटो?"

अगदी दारियाच्या कानामागे कुणीतरी पुटपुटलं. केझेल गावातली टपालाची खोली एवढीशी, की रांगेत मागच्याची शिंक पुढच्याच्या मानेवर यायची. तिथे पुटपुटणंसुद्धा चारचौघांत बोलल्यासारखंच. दारियाला हसू आलं. बाहेर उणे वीस होतं, टपाल सांभाळणारी ओलिनामावशी सकाळपासून एकच ओंडका पुरवून पुरवून जाळत होती, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची आजवर गावात कुणाची छाती झाली नव्हती.

"फोटो असता तर भिंतीला टांगला असता," ती मागे न बघता म्हणाली.

"तेवढीच पाय ठेवायला जागा झाली असती."

मग मात्र तिनं वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, नाक लालभडक, आणि हातांत ते शहरी हातमोजे, ज्यांत प्रत्येक बोट आपल्या खोलीत एकटं गोठून मरतं. आजच्या विमानानं आलेला दिसत होता. दोन आठवडे हवा खराब होती, आज कुठे विमान उतरलं होतं.

मावशीनं फळीवरून एक लांबट पाकीट सरकवलं. "सही कर. सरकारी आहे."

पाकिटावर नाव होतं याकोव्ह इग्नातीचं. तिच्या भावाचं. दारियानं सही केली, तिथल्या तिथे पाकीट फोडलं आणि वाचता वाचता तिचे कान आधी गरम झाले, मग थंडगार. लाकडी केबिनच्या परवान्याची दहा वर्षं संपत आली आहेत. नूतनीकरणाआधी आमचे अधिकारी श्री. एमेट टॉरसन तीन आठवड्यांनी येऊन केबिन पाहतील व परवानाधारकाची भेट घेतील.

"अं... ते माझं पत्र आहे," मागचा माणूस म्हणाला.

"पाकिटावर इग्नाती लिहिलंय."

"म्हणजे, मी लिहिलंय. आधी पोहोचावं म्हणून मुद्दाम लवकर पाठवलं होतं." त्यानं टोपी काढली. केसही गारठल्यासारखे उभे होते. "वाटेत अडकलं असणार. आम्ही दोघं एकाच विमानानं आलो. मी पुढे, ते मागच्या पोत्यात."

एरवी दारियानं याला चांगलं ऐकवलं असतं. पण तेवढ्यात त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "याकोव्ह तुमचे कोण? कुठे भेटतील?"

मावशी एकदम तिकिटं मोजायला लागली.

"भाऊ," दारिया म्हणाली. "लाइनवर आहे."

"लाइनवर आहे," मावशीनंही मान वर न करता सांगितलं. कुणी तिला विचारलं नव्हतं.

लाइन म्हणजे सापळ्यांची वाट. नदीच्या वरच्या अंगाला चाळीस मैल, आणि तिच्या टोकाला ती केबिन. याकोव्ह लाइनवर आहे, हे गाव दोन हिवाळे म्हणत होतं. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो गेला. पाचव्या दिवशी गावकऱ्यांना त्याची बर्फावर चालणारी स्नोमशीन सापडली, नदीच्या एका वळणावर, आणि तिच्यापुढे बर्फात एक काळंभोर भोक, कडेनं नुकतं गोठत आलेलं. त्यापलीकडे काही सापडलं नाही. पाद्री चाळिसाव्या दिवशी मृतासाठीच्या प्रार्थनेला आले, तर मिस्कानं, दारियाच्या बापानं, त्यांना चहा पाजला, सुका मासा बांधून दिला आणि आल्या विमानानं परत पाठवलं. पोरगा लाइनवर आहे, म्हणाला. प्रार्थना कशाची?

त्या दिवसापासून गावानं ते वाक्य उचललं. बापाची माया म्हणून उचललं, आणि भीतीनंही. केझेलमध्ये अशी समजूत आहे की वाईटाचं नाव घेतलं की ते आपला पत्ता विचारत येतं. अस्वलालासुद्धा इथे कुणी अस्वल म्हणत नाही, 'तो मोठा' म्हणतात.

पण सरकारला कुठलं तसलं भान! जमीन सरकारची, केबिन तुमची, आणि दोन्हींच्या मध्ये तो एक कागद. कागद एका माणसाच्या नावावर. माणूस संपला की कागद संपला, आणि कागद संपला की केबिन उतरवायची, ओंडक्यावर ओंडका ठेवायचा नाही. मिस्काचे गुडघे गेले तेव्हा त्यानं परवाना मुलाच्या नावावर करून दिला होता. आता मुलगा नव्हता आणि लाइन चालू होती. लिंक्स रानमांजरांच्या कातड्यांना दर हिवाळ्यात याकोव्हच्या नावाचे सरकारी बिल्ले लागत होते, फॉर्मवर याकोव्हची सही होत होती. सापळे लावत होती दारिया. सहीही तीच करत होती. बापाला केबिन उभी हवी होती. ती उभी असेपर्यंत कुणीतरी तिथे परत येऊ शकतं, असं त्याचं गणित. ते गणित चुकीचं आहे हे सांगायची ताकद तिच्यात नव्हती, म्हणून ती दोन वर्षं रोज थोडी थोडी घाबरून जगत होती. आणि आता ती भीती मूर्तिमंत, लाल नाक घेऊन, स्टोव्हला नावं ठेवत समोर उभी होती.

साहेबाला केबिनवर नेणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

ती निघाली तेव्हा मिस्कानं पोरीला बाजूला घेतलं. स्वभावानं तो कमी बोलणारा. त्यानं तिच्या पार्काची, टोपीवाल्या जाड कोटाची, दोरी लहानपणी बांधायचा तशी गच्च बांधली आणि एवढंच म्हणाला, "दाखव त्याला केबिन. पण डब्याला हात लावायचा नाही."

"माहितीये, बाबा."

डबा म्हणजे स्टोव्हवरच्या फळीवरचा जुना कॉफीचा डबा. या नदीवर एक नियम आहे, कागदावर नसलेला आणि म्हणून कधी न मोडलेला. केबिन सोडताना दाराला कुलूप घालायचं नाही, आणि पुढच्या माणसासाठी जाळ ठेवून जायचा: सुरीनं तासून फुलवलेल्या स्प्रूस लाकडाच्या काड्या, बर्च झाडाच्या सालीची सुरळी आणि कोरडी काडेपेटी. पुढचा माणूस कोण असेल, कोणत्या हालतीत येईल, सांगता येत नाही. गोठलेल्या बोटांना एक काडी ओढता आली की झालं. त्यानं तो जाळ वापरायचा आणि जाताना नवा ठेवायचा. त्या डब्यात याकोव्हनं शेवटचा ठेवलेला जाळ तसाच होता. दारिया दर खेपेला आपली साल, आपली काडेपेटी पाठपिशवीतून न्यायची, त्यांवरच स्टोव्ह पेटवायची आणि उरलेलं परत आणायची. भरलेल्या डब्यात आणखी काय भरणार?

ती मशीनवर पुढे, तो मागच्या घसरगाडीत, अंगावर दोन कातडी आणि एक ताडपत्री. मार्चचं ऊन स्वच्छ पडलं होतं. नदी मैलोन् मैल पांढरी. पहिल्या थांब्यावर दारियानं थर्मासमधला चहा त्याच्या पुढ्यात धरला आणि खिशातून मिस्काचे जाड, एकखोली हातमोजे काढून दिले.

"घाला. नाहीतर परत जाताना बोटं मोजून न्यावी लागतील."

त्यानं घातले आणि बराच वेळ हात उलटेसुलटे करून पाहिले. "एक सांगू? मला तीन गोष्टींची भीती वाटते. छोटं विमान, मोठे कुत्रे आणि गोठलेली नदी. आज सकाळपासून तिन्ही झाल्या."

दारियानं चमकून पाहिलं. पुरुषमाणूस असं काही बोलतो, तेही नदीवर उभा राहून, हे तिनं ऐकलं नव्हतं. "आमच्याकडे असं बोलत नाहीत. नाव घेतलं की ते येतं."

"आमच्याकडे उलटं. माझे वडील समुद्रावर मासे धरायचे. बोटीवर नियम होता, भीती वाटली की ओरडून सांगायचं. लाजून गप्प बसलेला माणूस सगळ्यांना घेऊन बुडतो."

"मग सरकारात कसे काय आलात?"

"समुद्राला घाबरून," तो म्हणाला. "ओरडून सांगितलं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी शाळेत घातलं."

ती हसली. हसल्यावर तिला आपलंच हसू अनोळखी वाटलं, ट्रंकेतून काढलेल्या जुन्या कपड्यासारखं. आणि लगेच थर्मासचं झाकण घट्ट लावलं. हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं...

पुढच्या थांब्यावर त्यानं वाटेच्या कडेच्या झाडांवर कुऱ्हाडीनं केलेल्या खुणा पाहिल्या. वाट चुकू नये म्हणून लाइनवाले त्या दर हिवाळ्यात ताज्या करतात. जुन्या खुणा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होत्या. ताज्या, पांढऱ्या खुणा त्याच्या छातीशी. त्यानं एका ताज्या खुणेवर बोट ठेवलं, मग दारियाच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा बरोबर तितकाच उंच होता.

मग तो परत घसरगाडीत जाऊन बसला. दारियाच्या मानेवरून घाम ओघळला आणि तिथेच गार झाला.

शेवटच्या वळणाला पोहोचले तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं होतं. हे वळण तेच. इथे ती नेहमी काठाला चिकटून जायची आणि उजवीकडे बघायची नाही. आजही बघितलं नसतं. पण मागून त्यानं काहीतरी ओरडून विचारलं, ती मान वळवून "काय?" म्हणाली, आणि त्या एका क्षणात मशीन राखाडी पट्ट्यावर गेली.

चोरपाणी. बर्फाच्या वर, भुसभुशीत हिमाखाली दबा धरून बसलेलं पाणी. वरून काही कळत नाही, जरा रंग तेवढा मळका. मशीन नाकावर बसली. दारिया बाजूला फेकली गेली, गुडघाभर भिजली, लोळत काठाकडे आली. घसरगाडी कलंडली. आणि एमेट कमरेपर्यंत आत.

क्षणभर तिला काही ऐकूच येईना. राखाडी पाणी, त्यात एक माणूस, आणि तेच वळण. ती दोन वर्षं रोज जे बघायचं टाळत होती ते नदीनं तिच्यासमोर मांडून ठेवलं होतं.

"दारिया," तो म्हणाला. आवाज फार हळू होता. "खाली... खाली बर्फ लागतोय. पण तो हलतोय."

ती पोटावर पडली. घसरगाडीचा लांब दांडा सुटला होता, तो पुढे सरकवला. तिची पाठपिशवी गाडीबरोबर पाण्यात होती, तिकडे तिनं पाहिलंही नाही. "धर. झोपून सरक. आणि गप्प बसू नकोस. बोटीवरचा नियम काय?"

"ओ... ओरडायचं."

"मग ओरड."

"मला भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा. "मलाही, मलाही," असं म्हणत म्हणत तिनं त्याला वीतवीत ओढून काठावर घेतलं. त्याला ती कधीपासून 'तू' म्हणायला लागली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

केबिन दोनशे पावलांवर होती. शंभराव्या पावलाला त्याची विजार पत्र्यासारखी वाजायला लागली. दीडशेव्या पावलाला त्याचा विनोद थांबला. दारिया यालाच जास्त घाबरली.

दार ढकलून तिनं त्याला बाकावर बसवलं, ओली विजार आणि बूट ओरबाडून काढले, होती नव्हती ती घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली. चिरलेली लाकडं भिंतीशी होती. स्टोव्ह रिकामा, थंड. आणि मग तिचे हात पाठीकडे गेले, पिशवीसाठी.

पिशवी नदीत होती. साल, काडेपेटी, सगळं.

"तुझ्याकडे लायटर?"

त्यानं मान हलवली. म्हणजे थरथरणाऱ्या मानेतून तिनं 'नाही' ओळखून घेतलं. त्याचे ओठ शाईसारखे दिसत होते. मग तो वर बघू लागला, स्टोव्हवरच्या फळीकडे. या नदीचा नियम ऑफिसात बसणाऱ्यालाही ठाऊक असतो.

"तो... डबा."

"नको."

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. फळीवरचा डबा दोन वर्षांच्या धुळीखाली शांत होता. हात लावायचा नाही. हात लावला नाही तर याकोव्ह अजून निघालेलाच आहे, अजून मध्येच कुठेतरी आहे. त्यानं ठेवलेला जाळ वापरला की वापरला. तो पुन्हा येऊन नवा ठेवणार नाही. तो पुढच्या माणसासाठी ठेवून गेला होता, आणि पुढचा माणूस कुणी असूच नये अशी त्यांनी, बापलेकीनं, दोन हिवाळे खबरदारी घेतली होती.

मागे बाकावर दातांचा आवाज थांबला. थरथर थांबणं चांगलं नसतं. हे केझेलमध्ये तान्ह्या पोरालाही माहीत असतं.

तिनं डबा काढला. झाकण घट्ट बसलेलं, याकोव्हच्या हातानं. आत तीन काड्या होत्या, प्रत्येक काडीला तासून काढलेली पातळ, कुरळी फुलं, एकही तुटलेलं नाही. लहानपणी तो तिला चिडवायचा, तुझ्या काड्या उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात गं. खाली सालीची सुरळी आणि मेणकापडात काडेपेटी. तिनं ओंडके रचले, काड्या आत सारल्या. काडेपेटीची काडी ओढली.

पहिल्याच काडीत पेटलं.

फुलं एकेक करून लाल झाली, आत वळली आणि नाहीशी झाली. दारिया गुडघ्यांवर बसून बघत राहिली. मग उठून एमेटच्या समोर बसली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या पार्काच्या आत, बगलेत धरले, जसे धरायचे असतात तसे. बऱ्याच वेळानं तो पुन्हा थरथरायला लागला. तिच्या आयुष्यात तिला कशाचाच इतका आनंद झाला नव्हता.

"बर्फासारखे आहेत," ती रागानं म्हणाली. रडू येत असलं की ती रागावायची.

"हात ना? भाड्यानं आणलेत..." तो कसाबसा म्हणाला.

तासाभरानं त्याची विजार स्टोव्हपाशी स्वतःच्या पायांवर उभी होती, तिसरा माणूस असल्यासारखी. तो घोंगडी नेसून केबिन मोजत होता. दारियानं फीत धरली. परवानगी वीस बाय वीस फुटांची. ही भरली एकोणीस बाय अठरा.

"लहान का बांधली?"

"बाबांना भीती. चुकून मोठी झाली तर सरकार मोडेल." ती थांबली. "तेव्हा सरकार घोंगडीत येतं हे त्यांना माहीत नव्हतं."

तो हसला, आणि मग फॉर्म घेऊन बसला. फॉर्म त्याच्या आतल्या खिशात, मेणकापडात कोरडा राहिला होता. सरकारी कागद माणसापेक्षा जास्त सांभाळलेला असतो. एक ते सहा रकाने त्यानं भरले. भिंती, छप्पर, स्टोव्ह, लाइन चालू असल्याच्या खुणा. सातव्याशी पेन थांबलं. दारियानं त्याच्या खांद्यावरून वाचलं. परवानाधारक समक्ष भेटला का? नसल्यास कारण.

"काय झालं?"

"पेन गोठलंय."

"स्टोव्हसमोर?"

"हट्टी आहे पेन." त्यानं वर पाहिलं नाही. केबिनमध्ये एकच अंथरूण वापरातलं होतं. खुंटीला एकाच मापाचे, लहान पायांचे बूट टांगलेले. त्यानं ते सगळं पाहिलं होतं, आणि त्यानं पाहिलंय हे तिनं पाहिलं होतं. स्टोव्हमध्ये ओंडका फुटला, तरी दोघं दचकले.

"लाइन मी चालवते," दारिया म्हणाली. आवाज भलतीकडूनच आल्यासारखा वाटला. "दोन हिवाळे. सह्या पण... सह्या पण माझ्याच."

"हं."

"पुढचं विचारू नकोस. ते वाक्य माझं नाहीये. ते बाबांचं आहे."

त्यानं घोंगडीचा काठ सारखा केला. मग म्हणाला, नाही विचारणार. आत्ता विचारलं तर मला सरकार म्हणून विचारावं लागेल, आणि विजार उभी असेपर्यंत मला सरकार होता येत नाही.

ती हसत हसत रडली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त कोरड्या घोंगडीचं एक टोक तिच्या बाजूला सरकवलं.

सकाळी निघण्याआधी दारियानं सुरी काढली. रिकामा डबा फळीवर ठेवून जायची या नदीवर कुणाची हिंमत नाही. तिनं दोन काड्या तासल्या. तिसरी एमेटनं मागून घेतली. जीभ दातांत धरून अर्धा तास तासली आणि शेवटी तिच्यापुढे धरली.

"उंदरानं कुरतडलीय," ती म्हणाली. म्हटल्यावर तिला आठवलं, हे वाक्य कुणाचं.

"पेटेल ना पण?"

"पेटेल." तिनं ती मधोमध ठेवली. काडेपेटी त्याच मेणकापडात गुंडाळली आणि झाकण स्वतःच्या हातानं दाबून बसवलं.

मशीन बर्फात गोठून बसली होती. कुऱ्हाडीनं बर्फ फोडून ती काढायला दुपार झाली. ते वळण ओलांडताना ती या वेळी उजवीकडे बघत गेली. तिथे पांढरं हिम होतं, बाकी काही नाही.

मधल्या थांब्यावर एमेटनं तिला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. परवाना माणसाबरोबर संपतो. पण ज्यानं लाइन खरोखर चालवलीय त्याला आपल्या नावानं नवा अर्ज करता येतो. त्यासाठी आधी सातवा रकाना खरा भरला पाहिजे. खोट्या सह्यांची चौकशी होईल. दंड होईल, एखादा हिवाळा लाइन बंद ठेवायला सांगतील, किंवा अर्जच नाकारतील. तो आश्वासन देऊ शकत नव्हता.

"आणि तुझा अर्ज मी बघणार नाही. दुसऱ्याच्या टेबलावर देईन."

तिला वाटलं, घाबरला. हात झटकतोय. "का?"

"कारण नियम आहे की तपासणारा निःपक्ष हवा." तो मिस्काच्या हातमोज्यांकडे बघत होता. "आणि मी... साधारण डब्याचं झाकण उघडलंस, तेव्हापासून निःपक्ष राहिलेलो नाही."

नदीवर वारा नव्हता. दारियाच्या छातीत मात्र बर्फ तडकल्यासारखा आवाज झाला, लांबवर गेलेला.

"ही तुझी चौथी भीती का?"

"पहिली. बाकीच्या तीन आता मागे गेल्या."

ती पुढे झाली, त्याच्या पार्काची सुटलेली दोरी तिनं गच्च बांधली. बोटं दोरीवर गरजेपेक्षा जरा जास्तच रेंगाळली. "घरी चल," ती म्हणाली. "आमच्या घरात एक वाक्य अडकलंय. ते निघाल्याशिवाय मला दुसरं बोलता यायचं नाही."

मिस्का काठावर उभा होता. कधीपासून, कोण जाणे. मिशीवर बर्फ धरला होता. दोन माणसं गेली आणि दोन परत आली, हे त्यानं आधी मोजलं. मग मशीनवर थिजलेला बर्फ पाहिला आणि तोंड फिरवून घरात गेला.

ओलिनामावशी मूस हरणाच्या मटणाचं सूप घेऊन आली होती, म्हणजे बातमी घ्यायला आली होती. चौघं टेबलाशी बसली. भिंतीवर चार खुंट्या, तीनवरचे कप खाली उतरलेले, चौथ्या खुंटीवर याकोव्हचा निळा कप, तोंड भिंतीकडे. मावशी सूप वाढत हवेबद्दल बोलली. एमेटनं हवेबद्दल उत्तर दिलं. मग फॉर्म काढून टेबलावर ठेवला, आणि पेन त्यावर ठेवलं, पण उचललं नाही.

दारियाला स्वतःच्या कानात रक्त ऐकू येत होतं. बाबा कोसळले तर? उठून निघून गेले, आपले आपण, गुडघे ओढत, नदीवर... तर? टेबलाखाली एमेटचा हात तिला लागला. थंड होता. तिनं तो धरला.

"बाबा," ती म्हणाली. "डबा उघडला मी."

मावशीची पळी सुपातच राहिली.

मिस्का पोरीकडे बघत राहिला. मग त्या परक्या पोराकडे. त्याच्या बोटांकडे, दहाही शाबूत होती.

"पेटल्या?" त्यानं विचारलं.

"पहिल्या काडीत."

"हं." म्हाताऱ्यानं हळूहळू मान डोलवली. "चांगलं तासायचा." आणि थोड्या वेळानं, "नवा ठेवलास?"

"ठेवला. एक काडी ह्यांची आहे. वाईट झालीये."

"पहिली वाईटच होते."

मिस्का उठला. गुडघे वाजले. दारियाही उठणार होती, पण एमेटनं हात सोडला नाही. म्हातारा भिंतीशी गेला, चौथ्या खुंटीवरचा निळा कप काढला, सदऱ्याच्या टोकानं आतून पुसला. परत पुसला.

"मिस्का," मावशी अगदी हळू म्हणाली, "अरे, तो कप..."

"कुणाचा आहे ते मला माहितीये, ओलिना."

त्यानं किटली उचलली. चहा जरा सांडला, बाकीचा कपात गेला. वाफ निघणारा कप त्यानं एमेटच्या पुढ्यात ठेवला. मग सरकारी पेन उचलून त्याच्या हातात दिलं आणि सातव्या रकान्यावर आपलं जाड, वाकडं बोट टेकवलं.

"याकोव्ह लाइनवर नाही," तो म्हणाला. "याकोव्ह मेला."